राजाला हाक मारायची कशी?

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आणि अक्षर तिसरीतच थांबलं. तेव्हा ही वही चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर वेलांट्या भलतीकडे वळलेल्या दिसतील, ओळी डोंगर चढताना दिसतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून झालं ते इथे लिहून ठेवते. आमच्या घरी कुत्रा आला आणि तीन आठवडे घरात कोण कोणाला काय सांगतंय, हेच कोणाला कळेनासं झालं.

आम्ही म्हणजे मी आणि हे, मुलाकडे सिंगापूरला मरीन परेडला राहतो. मुलगा सुहास हार्बरफ्रंटला एका ऑफिसात हिशेब बघतो, सून मेघना बँकेत जाते, नात ईशा तिसरीत आहे. सकाळी आठला तिघं बाहेर पडले की चौथ्या मजल्यावर आम्ही दोघं. हे बाल्कनीत पेपर उघडून बसतात. मला इथली भाषा येत नाही. लिफ्टमध्ये कोणी 'मॉर्निंग' म्हणालं, तरी मी बटणांकडे बघते.

आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, मागच्या गेटाशी एक तांबूस कुत्रा यायचा. एक कान उभा, एक पडलेला. त्याला मी गुपचूप रोज एक पोळी द्यायचे. (पुढे दोन. मग तूप लावून.) गावाकडचं काय काय मी त्याला सांगायचे, आणि तो ऐकून घ्यायचा. सिंगापुरात माझं ऐकणारा तेवढा एकच होता, कारण बाकीच्यांना ऑफिस होतं.

एक दिवस भटक्या कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या लिमबाईंनी मला पोळीसकट पकडलं! त्या इंग्रजीत खूप बोलल्या. मी घाबरून प्रत्येक वाक्याला मान हलवली. संध्याकाळी बेल वाजली. दारात लिमबाई, त्यांच्या हातात कागद, आणि दोरीला तो कुत्रा.

"आजी, तू यस म्हणालीस?" ईशा ओरडली.

"मी कुठे? मी फक्त मान हलवली."

"सेम सेम, ला!" (इथे सगळेच वाक्याच्या शेवटी 'ला' लावतात.)

मग ईशाने लिमबाईंच्या अटी सांगितल्या. कुत्रा तीन आठवडे बोलीवर. शंभर डॉलर डिपॉझिट. तीन आठवड्यांनी त्या येऊन बघणार. कुत्रा हाकेला आला पाहिजे आणि त्याचं सगळं ठरलेल्या जागी झालं पाहिजे. नाहीतर त्या त्याला परत नेणार, डिपॉझिटही जाणार.

"परत म्हणजे कुठे गं?" मी विचारलं.

"पिंजऱ्यात. तिकडे व्हेरी फुल आहे."

सुहास हळूच म्हणाला, "आई, नाही म्हणून सांगू का?" तेवढ्यात कुत्र्याने माझ्या पावलावर हनुवटी टेकली. मी आत गेले आणि तूरडाळीच्या डब्यातून शंभर डॉलर काढून आणले. दिवाळीच्या साडीसाठी सुहासनेच दिलेले होते. साडी काय, पुढच्या दिवाळीलाही मिळते.

पहिला घोटाळा नावाचा. ईशा रविवारी मराठीच्या वर्गाला जाते. तिथून ती नाचतच आली.

"आजी, नेम मिळालं! राजा!"

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. आता सांगायलाच हवं. यांचं नाव राजाराम. (लिहिलं तर चालतं. तोंडाने घ्यायचं नाही, एवढंच.) लग्नाला चाळीस वर्षं झाली, उखाणा सोडला तर ते नाव माझ्या तोंडून निघालेलं नाही. राजगिऱ्याला मी 'उपासाचं बारीक' म्हणते. ईशाला गोष्ट सांगतानासुद्धा 'एक होते महाराज' अशीच सुरुवात करते.

"तांबू ठेवू या का गं? छान आहे," मी म्हणाले.

"नो! टीचरच्या स्टोरीत राजा असतो. तुझ्या स्टोरीत ओन्ली महाराज!"

मी सुहासकडे बघितलं, सुहासने यांच्याकडे बघितलं. निदान यांनी तरी हरकत घ्यावी की नाही? पण नातीपुढे यांचं कधी चाललंय!

"ठेव की," हे म्हणाले. "राजा त्याला देऊन टाकला. राम राहिला माझ्याकडे, मला तेवढा पुरतो."

मेघना हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. फॉर्मवर नाव चढलं. आणि दिवसभर कुत्र्याला हाक कोण मारणार? मी!

दोन दिवस मी 'यू यू' करून बघितलं, चुटक्या वाजवून बघितल्या. 'अरे ए' म्हणायला जावं, तर जीभ जागची हलेना. ज्याला यांचं नाव दिलंय, त्याला 'अरे' कसं म्हणायचं? तिसऱ्या दिवशी त्याने देव्हाऱ्यासमोरच तळं केलं. मी किंचाळले, "अहो! हे काय केलंत?"

बाल्कनीतून हे धावत आले. "मी काय केलं?"

कुत्राही शेपटी हलवत आला. दोघं माझ्यासमोर शेजारी शेजारी उभे. एकाच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता. तो कुत्र्याचा नव्हता.

झालं! त्या दिवसापासून कुत्रा 'अहो'लाच येऊ लागला. आणि हे तर चाळीस वर्षांपासून येतातच. मी "अहो, बसा" म्हटलं, की हे बसायचे आणि कुत्रा उभा. "अहो, आंघोळीला चला" म्हटलं, की हे टॉवेल घेऊन तयार आणि कुत्रा पलंगाखाली! एकदा मी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, शू झाली का?"

"पासष्ट वर्षांच्या माणसाला असं विचारतात?" बाल्कनीतून आवाज आला.

"तुम्हाला नाही हो, यांना!"

"यांना? कुत्र्याला 'यांना'? त्याला म्हण, त्याला!"

"नाही जमत."

यांनी डोकं लावून तोडगा काढला. कुत्र्याला एकदा 'अहो' म्हणायचं, यांना दोनदा. पण पहिल्या 'अहो'लाच कुत्रा हजर व्हायचा, आणि दुसऱ्याला हे. म्हणजे चहा एकाला हवा असला, तरी दोघं माझ्या दोन्ही बाजूंना!

ईशा त्याला राजा म्हणायची. तो तिच्याकडे ढुंकून बघायचा नाही. "हा डेफ आहे का?" ती विचारायची. मी भांडी घासत राहायचे.

दुसरा घोटाळा त्याहून मोठा. लिमबाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, की बाथरूमच्या दाराशी वर्तमानपत्र पसरा आणि कुत्र्याला त्यावर बसवायची सवय लावा. सुहासने रात्रीच पेपर पसरला. सकाळी मी तो उचलला, घडी घातली, नमस्कार करून कपाटावर ठेवला.

"आई! कुठे गेला पेपर?"

"अरे, अक्षरं आहेत त्यावर! त्यावर घाण करायची? शाळेत पाटीला पाय लागला तरी आम्ही पाया पडायचो."

"आई, हा इंग्लिश पेपर आहे."

"मग? इंग्रजीची सरस्वती वेगळी असते का?"

दुसऱ्या दिवशी सुहासने शेजाऱ्यांकडून चिनी पेपर आणला. "हे घे. यातलं तुला एक अक्षर येत नाही."

"मला येत नाही. ज्याने लिहिलं त्याला तर येतं!"

सुहास कपाळाला हात लावून ऑफिसला गेला. आता मला चार बुकंच मिळाली, म्हणून अक्षरांचं मला जरा जास्तच वाटतं, हे मी कबूल करते. पण कुत्र्याची सोय तर लावायलाच हवी होती. मी ट्रंकेतून माझी जुनी सुती साडी काढली. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. तिचे आठ तुकडे केले आणि एक बाथरूमच्या दाराशी अंथरला.

आणि काय सांगू, कुत्रा तीन दिवसांत शिकला! तीन फेऱ्या मारायचा, तुकड्यावर बसायचा, उठून माझ्याकडे बघायचा. मी "शाब्बास हं, फार छान केलंत" म्हणायचे. मेघनाने बँकेत सगळ्यांना सांगितलं, की आमच्या आईंनी कुत्रा तयार केला. आयुष्यात पहिल्यांदा मला कशाचा तरी गर्व झाला. तो चार दिवस टिकला.

पाचव्या दिवशी यांचं घडी घातलेलं धोतर ओलं निघालं. मग पायपुसणं. मग ईशाची चादर. मग मेघनाचा इस्त्री केलेला कुडता, आणि तोही तिची मीटिंग होती त्या सकाळी! प्रत्येक वेळी कुत्रा तीन फेऱ्या मारून, काम उरकून, शाबासकीसाठी माझ्याकडे बघायचा. शेवटी मी खाली बसून मेथी निवडत होते, तर माझ्या पसरलेल्या पदरावर! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्याला जागा शिकवलीच नव्हती. मी त्याला कापड शिकवलं होतं. त्याच्या लेखी सुती म्हणजे संडास!

सुहासने हुकूम काढला, घरात सुती काही दिसता कामा नये. सिंगापूरच्या त्या उकाड्यात सगळं घर नायलॉन आणि टेरिलीनमध्ये! मी जॉर्जेटमध्ये घसरत घसरत पोळ्या लाटायचे. यांना पाठभर घामोळं आलं. "घर माझं, पाठ माझी," हे खाजवत म्हणायचे, "आणि कपडे कुत्र्याच्या मर्जीने!" फक्त बाथरूमच्या दाराशी एक सुती तुकडा राहिला. मी दिवसातून वीस वेळा त्याला तिथे न्यायचे. "अहो, इथे. फक्त इथे. कळलं ना?" कळलं असावं असं वाटायचं. पण घरात दुसरं सुती काही उरलंच नव्हतं, मग खरं कळलंय की नाही, हे कळणार कसं?

तीन आठवडे संपले. शनिवारी लिमबाई आल्या, आणि दार उघडताच आमच्या सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या. बाईंनी पांढरीशुभ्र, सैलसर, घोळदार पँट घातली होती. सुती!

"मर गये," सुहास हिंदीत पुटपुटला, का ते त्यालाच ठाऊक.

मेघनाने बाईंना उंच स्टूलवर बसवायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, सोफा बरा. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. बाईंनी फॉर्म काढला आणि हाक मारली, "राजा! कम!"

कुत्रा पंख्याकडे बघत होता.

"राजा!" ईशा. "राजा!" सुहास. "राजाऽ!" मेघना. तिघांनी घसा ताणला. कुत्र्याने जांभई दिली. बाईंनी फॉर्मवर एक फुली मारली. ती मला दाराआडूनही दिसली. ईशाचे डोळे भरून आले. आता दुसरी फुली पडली की हा पिंजऱ्यात.

आणि तेवढ्यात कुत्रा उठला. सोफ्यापाशी गेला. बाईंच्या पायाचा वास घेतला. एक फेरी. दुसरी फेरी. बाई कौतुकाने म्हणाल्या, "सो फ्रेंडली!" त्याने तिसरी फेरी सुरू केली.

मी कशी बाहेर आले, मला माहीत नाही. परक्या माणसासमोर मी कधी आवाज वर केलेला नाही. त्या दिवशी चौथा मजला हादरला असेल.

"अहो! तिथे नाही! उठा! आधी बाथरूमकडे चला!"

कुत्रा तीरासारखा सुटला. आणि कोपऱ्यात डुलकी काढणारे हेही ताडकन उठले आणि त्याच्या मागोमाग निघाले! कुत्रा तुकड्यावर पोचला, बसला, सगळं व्यवस्थित केलं. हे त्याच्या मागे रांगेत उभे राहिल्यासारखे उभे.

"आणि मी?" यांनी विचारलं. "मी आत जाऊ का?"

 मग लिमबाई इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. त्या ईशाला काहीतरी म्हणाल्या.

"आजी, ती विचारते, तू काय बोललीस की तो एकदम आला?"

मी जमिनीकडे बघत म्हणाले, "अहो."

"हिज नेम इज अहो, ला!" ईशाने जाहीर केलं.

बाईंनी फॉर्मवरचं 'राजा' खोडलं, वर नवं नाव लिहिलं, फुलीवरही रेघ मारली आणि खाली सही केली. मग पुन्हा ईशाच्या कानात काही बोलल्या.

"आजी, ती विचारते, आजोबांना पण तूच ट्रेन केलंस का?"

आता सुहासही तोंडावर उशी धरून हसत होता. हे मात्र गंभीर होते. "कागदावर काय लिहिलं त्यांनी? अहो? अगं, मग तू मला काय म्हणणार?"

 चाळीस वर्षं नाव जपता जपता यांची हाकच मी सहीशिक्क्यानिशी कुत्र्याला देऊन बसले होते!

"डोंट वरी, आजोबा," ईशा म्हणाली. "राजा नेम आता फ्री आहे. आजी तुम्हाला ते म्हणेल."

मी पदरात तोंड लपवून स्वयंपाकघरात पळाले. पण त्याआधी लिमबाईंनी हातावर ठेवलेल्या दहा-दहाच्या नोटा मी तिथेच उभ्या उभ्या मोजून घेतल्या. शंभर डॉलर, पूर्ण. लाजण्याला माझ्याकडेही मर्यादा आहे.