खळीनं चिकटवलेलं लेबल

गिटारीचं वय तिच्या अंगावरून ओळखू पाहणारा माणूस हमखास फसतो. वरून पॉलिश मारलं की म्हातारीही नवरी दिसते. वय पोटात असतं. मधल्या भोकातून छोटा आरसा आणि बॅटरी आत धरायची आणि बघायचं: आतल्या पट्ट्या रंध्यानं तासल्यात की मशीनवर कापल्यात, सांध्यांत सरस कसा वाळलाय, लाकडाला वास कसला येतो. तारा पिळायच्या चाव्यांची बोंडं हाडाची असली तर माल जुना, प्लास्टिकची असली तर कालपरवाचा. हे सगळं झाल्यावर शेवटी लेबल वाचायचं. लोक नेमकं उलटं करतात. आधी लेबल वाचतात आणि तिथंच थांबतात. लोकांच्या या सवयीचा मी एकदा फायदा घेतला. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण मला त्यातून सुटका मिळालेली नाही आणि मिळेल असं वाटतही नाही.

मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे काकांचं. माझे वडील मी लहान असतानाच गेले, काकांनीच मला वाढवलं आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. मुख्य काम बाजाच्या पेट्यांचं. भजनी मंडळांच्या, बौद्ध गायन पार्ट्यांच्या, शाळांच्या पेट्या यायच्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या पेटीत उंदरानं संसार थाटलेला. पण गाव रेल्वेवर असल्यामुळे गिटारीही यायच्या. नागपूरहून मुंबईकडे जाणारे ऑर्केस्ट्रावाले, रेल्वेतले शौकीन गार्ड, आणि सिनेमातली गाणी ऐकून डोकं फिरलेली कापूसवाल्यांची पोरं. काका वाद्य हातात घेऊन, टिचकी मारून, वास घेऊन कुठलं आणि कधीचं ते सांगत. जळगावपासून लोक त्यांना विचारायला येत.

काकांचे दोन रिवाज होते. एखादं वाद्य दुरुस्तीच्या पलीकडे गेलं की त्याचं लेबल वाफेवर सोडवून ते बिस्किटांच्या डब्यात ठेवत. नवं वाद्य आलं की डब्यातलं लेबल शेजारी धरून अक्षरं, शाई, पत्ता ताडून बघत. तो डबा म्हणजे आमची शाळा. दुसरा रिवाज असा की आपल्या दुकानातून जे वाद्य बाहेर पडेल त्याच्या आत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलनं आपली खूण आणि त्या दिवशीची तिथी लिहायची. मी एकदा म्हटलं, कुणी वाचणार नाही ते लिहायचं कशाला? काका म्हणाले, “लोकाइसाठी नाई लिहीत बे. आपल्यासाठी लिहितो.”

काका एका लग्नाला लोणारकडे सुलतानपूरला गेले होते, त्या दिवशी अमडापूरचे एक शेतकरी मुलाला घेऊन दुकानात आले. वांगी-मिरचीचा मळा होता त्यांचा. मुलगा मॅट्रिक पास झाला होता आणि पास झाल्यास गिटार घेऊन देईन असा शब्द बाप देऊन बसला होता. मुलाला जुनी, कलकत्त्याची हवी होती. जुन्या लाकडाचा आवाज गोड असतो असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं, आणि ते खरंच आहे. पण माझ्याकडे होती एकच गिटार, मुंबईच्या कुठल्याशा शेडमध्ये ठोकलेली, हलक्या लाकडाची, बिनलेबलाची, कोरी. मी म्हणालो, आहे एक कलकत्त्याची, जरा साफ करावी लागेल, संध्याकाळी या.

ते गेले आणि मी डबा उघडला. ‘ब्रिटिश इंडिया’ छापलेलं कलकत्त्याचं एक लेबल निवडलं. सोडवताना त्याचा एक कोपरा फाटला होता, तिथं काळी शाई फिरवली. सरस तापवायला वेळ नव्हता, म्हणून भात्याचे कागद चिकटवायची गव्हाच्या पिठाची खळ वापरली. घाईत ते तिरकं बसलं. मोडक्या सामानातून हाडाची बोंडं काढून चाव्यांना लावली, लाकडावर चहाचं पाणी पुसलं. पाच वाजता ते बापलेक आले तेव्हा मी बॅटरी धरून पोराला आत बघायला लावलं. त्यानं मोठ्यांदा वाचलं, “ब्रिटिश इंडिया!” मी सांगितलं, तीस-पस्तीस वर्षांची आहे, लाकूड पिकलंय, जसजसे दिवस जातील तसतशी गोड होत जाईल. पैशाचा लोभ होताच, नाही कशाला म्हणू. पण त्याहून जास्त मला काकांसारखं बोलून बघायचं होतं, आणि त्या पोराच्या डोळ्यांत मी मोठा होत होतो. गिटारीच्या आत पेन्सिलनं खूण मात्र मी केली नाही. तेवढी लाज माझ्यात शिल्लक होती म्हणा, किंवा तेवढी भीती.

वर्षभरात तो मुलगा घरातून निघून गेला. एका ऑर्केस्ट्रावाल्या पार्टीबरोबर मलकापूरहूनच गाडीत बसला, खांद्याला तीच गिटार. मुंबईहून दोन कार्डं आली, मग तीही बंद झाली. त्याचे वडील महिन्या-दोन महिन्यांनी मलकापूरला यायचे, फलाटावर चौकशी करायचे आणि परत जाताना दुकानात टेकायचे. “ऑर्केस्ट्रावाले येतेत तुमच्यापाशी. दिसला तं सांगजा.” मी हो म्हणायचो. अशी चार वर्षं गेली.

मग एका दुपारी ते गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. दुकानात मी होतो आणि भिंतीला टेकून काका बसले होते. काकांना मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं होतं, पण ते रोज येऊन बसायचे आणि आवाजावरून माझ्या चुका काढायचे. त्या गृहस्थांनी गोणपाट सोडलं. आत गिटार होती.

“मिस्त्री, पाहा बरं. माह्या पोराची हाये काय हे? अकोल्याच्या जुन्या सामानवाल्यापाशी भेटली. सायकल गहाण ठेवून आनली आठ दिवसांसाठी. तो म्हनते, कोन इकून गेलं ते मले ठाऊक हाये, पन तुमची हाये हे मिस्त्रीकून पक्कं करून आना, मंग नाव सांगतो. उगंच पोलिसाचं लफडं नको म्हनते.”

मी बॅटरी आत धरली. लेबल तिरकं होतं. कोपऱ्यात काळी शाई होती. कडा कसरीनं, कागद खाणाऱ्या त्या किड्यानं, कुरतडल्या होत्या, कारण कसरीला सरस फारसा आवडत नाही, पण गव्हाची खळ ती गोडीनं खाते. स्वतःचं अक्षर ओळखावं तसं मी ते ओळखलं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

“कोनाची हाय बे?” काकांनी विचारलं.

कशावरून ओळखली, हा त्यांचा पुढचा प्रश्न असणार होता. उत्तर एकच होतं: मीच चिकटवलेल्या लेबलावरून. आणि मग मी बोललो, आणि त्या गिटारीबद्दल अक्षर न् अक्षर खरं बोललो. “हे तुमची नोहे, दादा. तुमची कलकत्त्याची होती, तीस-पस्तीस वर्साची. हे तं मुंबईचा माल हाये, पाच वर्साच्या वर नाई. लाकूड हलकं हाये. लेबल कोनं तरी मांगून चिपकवलं, खळीनं.”

“लबाड असतेत एकेक,” काका म्हणाले.

इतक्या चोख परीक्षेनं मी आयुष्यात कुठल्याच वाद्याचं वय सांगितलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं. समोरच्या माणसाकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पण ते हसले. मी चार वर्षांत त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

“म्हंजे त्याची त्याच्यापाशीच हाये,” ते म्हणाले. “जातानी मायले सांगून गेलता, उपाशी राहीन पन इकनार नाई. वाजवून राह्यला मंग तो कुठी तरी.” त्यांनी गिटार पुन्हा गोणपाटात बांधली, काकांच्या पाया पडले आणि अकोल्याची गाडी धरायला निघून गेले. सायकल सोडवून ते घरी जाणार होते. मी त्यांच्यामागं धावत जाऊ शकलो असतो. स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं आणि गाडीला वेळ होता.

त्या हिवाळ्यात काका गेले. चौदावा दिवस झाला आणि मला कळलं की आता भ्यायला कुणी उरलेलं नाही, म्हणजे गप्प बसायलाही काही कारण उरलेलं नाही. राजूर घाट चढून बुलढाणा, तिथून चिखली, तिथून अमडापूर असा मी एस.टी.नं गेलो. ते मळ्यात वांग्यांना पाणी देत होते. बांधावर उभं राहून मी सगळं सांगितलं, डबा, खळ, शाई, सगळं. त्यांनी पाणी दुसऱ्या सरीत वळवलं आणि पाय धुतले.

“मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?”

“काका बसले होते.”

एवढंच कारण होतं. इतक्या मोठ्या गोष्टीला याहून मोठं कारण असायला हवं होतं, पण ते नव्हतं. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती आनंदानं घेतली असती. ते फक्त म्हणाले, “चाला अकोल्याले.”

मळ्यातूनच आम्ही निघालो, रात्र खामगावच्या एस.टी. स्टँडवर काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला पोचलो. जुन्या सामानवाल्यानं त्यांना ओळखलं. गिटार कधीच विकली गेली होती, कुणाला ते त्याच्या ध्यानात नव्हतं. आणि ती आणून देणारे?

“दोन पोट्टे होते,” तो म्हणाला. “मांगच्या सरायीत उतरले होते. एक बीमार होता, लय खोकलत जाय. त्याच्या दवाईसाठी दुसऱ्यानं इकली. तुमी आलते तवा होते नं इथंच! मी तुमाले घेऊनच जात होतो त्याइच्यापाशी. पन तुमी म्हनले आमची नोहे, मंग मी काय करू?”

सरायीच्या मालकाला नावं माहीत नव्हती. पंधरा दिवस राहिले, मग एके दिवशी खोली रिकामी होती, असं तो म्हणाला. स्टेशनवर विचारलं, दवाखान्यात विचारलं. कुणाला काही आठवत नव्हतं, आणि का आठवावं?  दवाखान्याच्या पायरीवर मुलाचे वडील बसले आणि म्हणाले, “पन्नास पावलं होतो मी त्याच्यापासून.” मी तिथं शेजारी बसून रडलो. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

मला वाटलं होतं ते आता आपल्या वाटेनं जातील आणि मी माझ्या. पण खामगावला त्यांनी माझंही तिकीट अमडापूरचंच काढलं. घराजवळ आल्यावर ते थांबले आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“घरी काई सांगू नका. मी तिले म्हटलं हाये का पोराची गिटार पोरापाशीच हाये, मिस्त्रीनं सांगतलं. तवापासून तिनं रडनं बंद केलं. जेवाले लागली. आता तुमीच तोंडानं सांगा तिले एकडाव. माह्यं खोटं ते वळखते. तुमचं नाई वळखनार.”

मी म्हणालो, हे माझ्याच्यानं होणार नाही. ते म्हणाले, “झालं नं तुमच्याच्यानं, तवा.”

दिवेलागणीची वेळ होती. त्यांच्या बायकोनं पाट मांडले, ज्वारीच्या भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, ठेचा वाढला. लहानशा चणीची बाई. माझ्याकडे बघून तिचा चेहरा असा फुलला की जणू मीच तिच्या मुलाला भेटून आलो होतो.

“तुमीच काय ते मिस्त्री? खा नं बाप्पा, लाजू नका. त्याची गिटार ते चांगलीच हाये नं? कलकत्त्याची?”

“हो माय,” मी म्हणालो. “कलकत्त्याची.”

“अन् ते अकोल्याची त्याची नोहेच?”

“नोहे.”

तिचा नवरा ताटाकडे बघून जेवत होता.  मग तिनं मला असं काही विचारलं, जे त्या धंद्यात मला कुणीच कधी विचारलेलं नव्हतं. वाद्य किती जुनं, हे सगळे विचारतात.

“अशी गिटार अजून समोर किती वर्स टिकते?”

“नीट ठेवली तर,” मी म्हणालो, “पन्नास वर्सं कुठं जात नाई.”

“मंग झालं,” ती म्हणाली. “आमच्या मांगं बी वाजवत राहीन तो.” आणि तिनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकर वाढली. मी ती खाल्ली.