भरलेल्या हंड्यांचा मोर्चा

टिकल्यांची पाकिटं भरणाऱ्या बायकांकडे किस्से साठतातच. हात कामात, तोंड मोकळं आणि समोर टीव्ही चालू! गोखिवऱ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी आम्ही तिघी बसायचो. शालिनीवहिनी, कारण टीव्ही त्यांचा. कुसुममावशी, वयाने मोठ्या, साताऱ्याकडच्या. आणि मी, सातवी शिकलेली आणि सगळ्यात भित्री.

माझी पिंकी तेव्हा चार वर्षांची. दिवाळीत तिला कावीळ झाली होती. डॉक्टर म्हणाले, "पाणी बघा." बघायचं काय? बिल्डरने नळाची लाईन देतो म्हणून फ्लॅट विकले आणि दोन वर्षं आम्ही टँकरवर होतो. पिंकी बरी झाली, पण माझी सवय सुटली नाही. रोज सकाळी तिला खिडकीत न्यायची आणि डोळे बघायची. पिवळे नाहीत ना!

*

त्या वर्षी कुठेतरी लढाई होणार होती आणि ती होऊ नये म्हणून देशोदेशीचे लोक रस्त्यावर आले होते. टीव्हीवर नुसती माणसंच माणसं. एका बापाने पोराला खांद्यावर घेतलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "केवढी गर्दी!"

मावशी म्हणाल्या, "पोराच्या डोक्याला टोपी नाही. थंडी आहे तिकडं."

पोराचा पाय बापाने घट्ट धरलाय का, तेवढंच मी बघत होते.

*

एकदा जुनं चित्र दाखवलं. मोठा रस्ता, रणगाड्यांची रांग आणि पुढ्यात एकटा माणूस उभा. दोन्ही हातांत पिशव्या.

"भाजी घेऊन घरी चालला असेल गं," मावशी म्हणाल्या. "बायको वाट बघत असेल."

"मग पुढे काय झालं त्याचं?" मी विचारलं.

टीव्हीवाल्यांनी ते सांगितलंच नाही. जाहिरात लागली. त्या दुपारी आमची पाकिटं फारशी भरली नाहीत.

*

दुसऱ्या एका देशातल्या बाईने उपोषण धरलं होतं, तेव्हाची गोष्ट. नेमकी संकष्टी होती, आम्ही तिघी उपाशी.

वहिनी म्हणाल्या, "बघा, तिच्या उपासाला डॉक्टर काय, फोटोवाले काय! आणि आपण इतकी वर्षं करतोय, कुणी विचारलं?"

मावशींनी टिकलीचा कागद सोलत विचारलं, "तिनं निदान कशासाठी ते सांगितलंय. आपण कधी सांगितलं?"

ह्या बोलण्यावरूनच आमचा मोर्चा ठरला. बिल्डरच्या ऑफिसवर, रिकामे हंडे घेऊन!

*

बोर्ड लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं. टिकल्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. बिल्डरशेठ रागावला आणि तो पाठवतो तो टँकरही त्याने बंद केला तर? म्हणून जपून लिहिलं, 'कृपया पाण्याची लाईन द्यावी, ही नम्र विनंती.'

मावशींनी माझ्याकडून ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "सुरेखा, मोर्चा आहे का सत्यनारायणाचं बोलावणं?"

पण पुठ्ठा एकच होता. तोच न्यायचा ठरला.

*

मोर्च्याच्या दिवशी हंडे घेऊन पंधरा-वीस बायका खाली जमलो आणि गेटमधून टँकर आत आला! तीन दिवसांनी आलेला. त्याला सोडून कोण जाणार? मोर्चा राहिला बाजूला, सगळ्या पायपाकडे धावलो.

हंडे भरले तोवर शेठची निघायची वेळ झाली. वर ठेवून यायला वेळ नाही, जिन्याखाली ठेवावेत तर कुणी उचलून नेईल. म्हणून भरलेलेच कमरेवर घेऊन निघालो. ऑफिस मागच्याच गल्लीत होतं. पिंकी माझा पदर धरून चालत होती.

ऑफिसात शिरलो तसा शेठ आमच्याकडे बघून हसला. "अहो, पाणी नाही म्हणता आणि हंडे तर भरलेले!"

ऑफिसातली माणसंही हसली. मला वाटलं, मागे फिरावं.

मावशींनी टेबलावरचा काचेचा ग्लास घेतला, हंड्यात बुडवला आणि शेठपुढे ठेवला. "आहे की पाणी. घ्या, शेठ."

ग्लासात पाणी पिवळट दिसत होतं. तळाला बारीक गाळ बसत गेला. शेठ हसायचा थांबला, पण ग्लासाला हात लावेना.

पिंकी उन्हातून चालून आली होती. तिने पदर सोडला, टेबलाशी गेली आणि दोन्ही हातांनी ग्लास धरला.

"आई, मी पिऊ?"

माझ्या कमरेवर हंडा, दुसऱ्या हातात पुठ्ठा. मी ओरडणार, एवढ्यात शेठ खुर्चीवरून उठला आणि त्याने तिच्या हातातून ग्लास काढून घेतला.

"नको, बेटा! हे पाणी नको!"