चेरीतालचं कपाट आणि माझ्या खिशातली पाचर

जबलपूरला मी भेडाघाट बघायला गेले होते. त्यातलं काहीच पाहिलं नाही, त्यामुळे धुवांधार धबधब्याच्या फोटोंसाठी ही पोस्ट उघडली असेल तर आधीच माफ करा.

नागपूरहून सकाळची बस. सिवनीपर्यंत जंगल सोबत चालतं, पाच-सहा तास कुठे जातात कळत नाही. खिडकीची जागा सोडू नका. जबलपुरातच चेरीतालला सुधामावशीकडे, म्हणजे आईच्या मावसबहिणीकडे, बॅग टाकायची आणि सकाळी पुढे, एवढाच बेत होता.

पण तिच्या आतल्या खोलीत ते कपाट होतं. जुनं सागवान, दारांवर चर्चच्या खिडक्यांसारख्या टोकदार कमानी, कमानींवर चढलेल्या द्राक्षवेली. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांना आपली जुनी चर्चं आठवायची, तेव्हाची ही फॅशन म्हणे. दार उघडलं की कापराचा वास येतो आणि आत आणखी एखादी खोली असेल असं वाटत राहतं. मी बराच वेळ नुसती बसून होते.

मावशी परवा फ्लॅटमध्ये जाणार होती. कपाट तिच्या आजेसासऱ्यांनी छावणीतल्या बंगल्याच्या लिलावात घेतलेलं. मागाहून खोलीत भिंत पडली, दार अरुंद झालं, आता ते निघेना. म्हणून तिच्या मुलानं, अनुपदादानं, व्यापारी ठरवला होता. तो उद्या संध्याकाळी येऊन कपाट कापणार, नक्षीची दारं तेवढी नेणार.

"अख्खं नेलं असतं तर दिलं असतं मी," मावशी म्हणाली. "कापायचं काहून? लाकूड आहे, बकरा नाही."

सकाळी पोहे आणि खव्याची जलेबी (ही चुकवू नका) खाऊन भेडाघाटसाठी निघाले, आणि वाटेत सदर बाजारातच उतरले. एका जुन्या फर्निचरच्या दुकानाबाहेर तशाच कमानींचं दार भिंतीला टेकून उभं होतं. शेजारी बाजू, मग माथा. सगळं सुटं, पण कुठेच कापलेलं नाही. करीमचाचा नावाचे म्हातारे सुतार त्याला मेण लावत होते. त्यांना मावशीच्या कपाटाचा फोटो दाखवला.

"कील दिखी कहीं?" त्यांनी विचारलं. मावशीला फोन करून शोधायला लावलं. एकही खिळा नव्हता.

चाचा हसले. "बेटा, ये तबादले वाली अलमारी है. साहब का तबादला हुआ, तो खोली और बैलगाड़ी पे लाद दी."

त्यांना ऑटोत घालूनच चेरीतालला आणलं. आधी माथा टोपीसारखा उचलला. मग कोपऱ्यांतल्या बोटभर पाचरी ठोकून काढल्या, त्या मी धरत गेले. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पटाशीच्या खुणा होत्या: एक रेघ, दोन रेघा, तीन. दुपारपर्यंत अख्खं कपाट जमिनीवर निजलं होतं. अनुपदादानं व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं आणि पहिलं दार स्वतः उचललं. ते अरुंद दारातून सहज गेलं.

मावशी रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं हे निघायला तयारच होतं. आम्हीच त्याला बसवून ठेवलं."

मी कुठेच फार टिकत नाही, हे घरचे मला टोमण्यात ऐकवतात. त्या दिवशी मात्र वाटलं, काही गोष्टी निघण्यासाठीच घडवलेल्या असतात, आणि तरीही अख्ख्या राहतात.

नागपूरला जीन्स धुवायला काढली तर खिशात एक पाचर. मावशीला घाबरत फोन केला.

"तरीच," ती म्हणाली. "उभं तर राहिलं, पण डुलून राहिलं. दार आपणच उघडतं, अन् अख्ख्या फ्लॅटमध्ये कापराचा वास."

कुरिअर करते म्हटलं.

"काहून? पाय नाहीत का तुला?"

पाचर उशाशी आहे. अजून थोडा वास येतो.