चाळीस मेंढरं, लेव्हल अठरा

आमचा रविवारचा खेळ बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचा म्हणजे माझी पंचाईत होते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि कुणी काही अवघड करायला निघालं की वीस बाजूंचा फासा टाकून ते जमलं की फसलं ते ठरतं. सोबत नियमांचं जाडजूड पुस्तक. गोष्ट सांगायचं आणि नियम पाळायला लावायचं काम माझं. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसावं असं कुणाला वाटलंच नाही. खरं तर मलाही नाही.

खेळायला तिघं. माझा धाकटा भाऊ, फौजेतून सुटून आलेला, आता उंब्रजला हायवेला टायरचं दुकान टाकून बसलेला. विट्याचे विज्ञानाचे सर. आणि माझ्या शाळेत भूगोल शिकवणारी माझी मैत्रीण. तिचं माहेर विट्याच्या पुढं, कोरड्या मुलखात, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. खेळ सुरू झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी सगळी मेंढरं देऊन टाकली होती. त्यांचे गुडघे गेले होते आणि कळपामागून चालणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. स्टाफरूममध्ये ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, सुटले एकदाचे." आणि चहा ओतायला लागली. मला ते खरं वाटलं.

पहिल्या दिवशी भाऊ तलवारबाज झाला, सर जादूगार आणि ती झाडपाल्याची विद्या येणारी बाई. सामानाच्या यादीत सगळ्यांनी दोर, कंदील, चाकू असं लिहिलं. हिनं लिहिलं, 'चाळीस मेंढरं'. आणि खाली कंसात, 'एकीचा कान फाटका'. मी पुस्तक उलटंपालटं केलं. चाळीस मेंढरं घेऊन राक्षसाच्या गुहेत जाऊ नये असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग काय करता? मंजूर.

या खेळात जसजसं खेळाल तसतशी पात्राची लेव्हल वाढते. वीस म्हणजे शेवटची. तीन वर्षं आम्ही नेमानं खेळत होतो. सुरुवातीच्या लेव्हलींना भूक लागते, दोर तुटतो, साध्या लांडग्याची भीती वाटते. त्या वेळी पुस्तक कसं पानोपानी बारकावे सांगतं. पुढं पुढं माणसं उडायला लागतात, काळ थांबवतात, मेलेल्याला उठवतात आणि नेमकं तिथं पुस्तक मोघम होत जातं. मला याचं भारी कुतूहल. सगळं जमणाऱ्या माणसाला गोष्टीत अडवायचं तरी कशानं? नियम लिहिणारेही इथं येऊन दमले असावेत आणि 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणून मोकळे झाले असावेत, असं मला वाटायचं.

पंधराव्या लेव्हलच्या आसपास सरांना एक मंत्र मिळाला. डोळे मिटून उघडेपर्यंत शंभर कोसांवर पोचवणारा. मात्र एका वेळी आठच जीव न्यायचे.

"कळप एक जीव धर," मैत्रीण म्हणाली.

"एक कसा? चाळीस आहेत."

"तू मोजतीस म्हणून चाळीस."

मी ऐकलं नाही. आठ म्हणजे आठ. मग ती म्हणाली, मी चालत जाते, तुम्ही व्हा पुढं. तिला एकटीला सोडायचं कसं म्हणून तिघंही चालत निघाले. ज्यांना डोंगर उचलता येतो अशी माणसं दोन रविवार मेंढरांच्या मागून चालली. भाऊ वैतागला होता. "आक्के, सोळा वर्सं फौजेत पाय घासलं, आता खेळातबी मार्च?" पण सांगते, ते दोन रविवार आमच्या तीन वर्षांतले सगळ्यात चांगले होते. पाणी कुठं आहे, या गावाच्या रानातून जाऊ देतील का, कान फाटकी मागं राहिली का. आल्या गावाला विचारूनच पुढं जावं लागत होतं. काळ थांबवता येऊन तिथं काडीचा उपयोग नव्हता.

यातून शहाणं व्हायचं सोडून मी इरेला पेटले. अठराव्या लेव्हलला मी त्यांच्यापुढं एक मेलेला मुलूख ठेवला. कुणा मांत्रिकानं जमीनच मारून टाकलेली, गवताची काडी उगवत नाही आणि तिथं कुठलीही जादू चालत नाही. करा काय करता ते! सरांनी पाऊस पाडून पाहिला, नाही पडला. भाऊ म्हणाला, मांत्रिकाला हुडकून मारू. मी म्हटलं, तो मरून शंभर वर्षं झाली. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होते.

"मेंढरं बसवू या," मैत्रीण म्हणाली.

आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही. ऊस तुटून गेला की रान मोकळं असतं. तेव्हा मेंढरांचा कळप बोलवायचा, रात्री रानात बसवायचा. लेंड्या-मुताचं खत आपोआप होतं. आमच्याही रानात वर्षानुवर्षं कळप बसायचे. ते कुणाचे, कुठून आले, हे मी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

"इथं जादू चालत नाही," मी म्हटलं.

"लेंडी जादू हाय व्हय?"

सर आणि भाऊ खो खो हसले. मला राग आला. तीन आठवडे घासून रचलेलं कोडं लेंड्यांनी सुटणार? "पुस्तकात असं काही नाही," मी म्हटलं, "आणि तिथं चारा नाही. तुझी मेंढरंच मरतील. टाक फासा. पंधराच्या वर पडला तर जगतील, नाहीतर सगळी गेली."

तिनं फासा उचलला. हातात धरून बसली. मग हळूच टेबलावर ठेवला.

"मी न्हाई टाकत. तू मार त्यास्नी मारायची तर. मी परत येणार न्हाई." आपला कप विसळला, पालथा घातला आणि गेली.

पुढचा आठवडा ती माझ्याशी फक्त सहामाहीच्या पेपरांबद्दल बोलली. मला लाज वाटत होती. चाळीस मेंढरं एकदा गेली होती तिची. 'सुटले एकदाचे' हे तिनं कुणाची समजूत घालायला म्हटलं होतं, ते मला तीन वर्षांनी कळत होतं. पण नुसतं 'बरं बाई, जगली' म्हणणंही मला जमेना. दया दाखवल्यासारखं झालं असतं आणि तिनं ते ओळखलं असतं. मला खरा नियम हवा होता. पुस्तकात तो नव्हता. मग कुणाला ठाऊक असेल?

शनिवारची शाळा सुटल्यावर मी स्कूटी काढली आणि विट्याच्या पुढं तिच्या माहेरी गेले. तिचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांच्या डोक्यावर खुंटीला, मेंढरांभोवती लावायची जाळी नीट गुंडाळून टांगलेली. मी आढेवेढे घेत त्यांना खेळ सांगितला. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"मेलेली म्हंजी कशानं मेलेली?" त्यांनी विचारलं. "मिठानं? तुमच्याकडं पाणी पाजून पाजून उसाच्या जमिनी पांढऱ्या पडल्यात, तशी?"

मी हे ठरवलंच नव्हतं. "तशीच," म्हटलं.

"शेजारी रान हाय का हिरवं?"

"आहे. दोन कोसांवर."

"मग मेंढरं मरत्याल कशी, बाई? दिसा तिकडं चरत्याल, रातीला हितं बसत्याल. रोज जाळी चार पावलं म्होरं सारायची. पर दम लागंल. दोन पावसाळं तरी." मग विचारलं, "मेंढरं कुणाची?"

"तुमच्या लेकीची."

मी उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, "कान फाटकी हाय का त्यात?"

"आहे."

"टेम्पोत चढवताना तीच तेवढी मागं पळाली हुती. पोरगी तवा साळंत शिकवाय गेली हुती." त्यांनी जाळीकडं पाहिलं. "उद्या खेळताय न्हवं? मी येऊ का बघाय?"

मैत्रिणीला मी फोनवर इतकंच सांगितलं, फासा मागं घेतलाय, ये. ती आली आणि दारातच थबकली. तिच्या नेहमीच्या खुर्चीशेजारी वडील टोपी मांडीवर ठेवून बसले होते.

मी नियम वाचून दाखवला. मेंढरं दिवसा बाहेर चरतील, रात्री आत बसतील, दोन पावसाळ्यांनी मुलूख हिरवा होईल. फासा नाही. भाऊ म्हणाला, "अठराव्या लेव्हलला दोन वर्सं नुसतं बसून ऱ्हायचं?" सरांनी त्याला गप्प केलं.

ती माझ्याकडं बघत नव्हती. वडिलांकडं बघत होती.

"आण्णा, देताना मला का इचारलं न्हाई?"

त्यांनी टोपी उलटी केली, सरळ केली.

"तू न्हाई म्हणाली असतीस," ते म्हणाले. "मग मला देता आली नसती."

तिनं डोळे पुसले, आपल्या सामानाच्या यादीचा कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि विचारलं, "जाळी आधी कुठल्या बाजूला लावायची?"