सांगलीच्या घाटावर एक तांब्या पाणी

हल्ली भाचेमंडळी मला चाकांवरच्या घरांचे फोटो पाठवतात. आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदे, आणि खाली लिहिलेलं असतं, ‘मावशी, तुम्ही हे कधीच केलंत.’ केलं खरं. नव्वदच्या दशकात एकदाच केलं, आणि माझी कंबर ते अजून विसरलेली नाही. तरी कुणाला हौस असेलच, तर त्यांनी निघण्याआधी हे वाचावं.

आमचे हे सैन्यात, वर्कशॉपमध्ये हवालदार होते. पेन्शनीवर आल्यावर माणसं नोकरी शोधतात, ह्यांनी लिलावातून एक जुनी ॲम्ब्युलन्स शोधली. खडकीच्या घरासमोर हिवाळाभर ठोकाठोक चालली. स्ट्रेचरच्या जागी दोन बाक बसले, कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह आला आणि त्याच्यावर, जरा उंचावर, पत्र्याची पाण्याची टाकी. टाकीला तोटी. बाहेरून पांढरा रंग मारला, पण लाल फुली काही जाईना. दोन हात देऊनही ती खालून डोकावतच राहिली.

“आता लॉज नको आणि पाहुण्यांची घरं नकोत,” हे म्हणाले. “सातारा बघू, सांगली बघू.”

“आणि आक्कांकडे?”

“मी सांगली म्हणालो,” हे म्हणाले आणि पान्हा घेऊन गाडीखाली गेले.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सांगलीच्या अलीकडे, नदीच्या ह्या काठाला सांगलीवाडीत दिलेली. सासूबाई शेवटी तिच्याकडेच होत्या. त्या गेल्या तेव्हा हे पार वर सरहद्दीकडे. तार मिळून, रजा मिळून, गाड्या बदलत पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. हे उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि बहिणीला म्हणाले, “माझी वाट बघितली न्हाईस. आजपासनं तुझ्या घरचं पाणी मला वर्ज्य.” तसेच माघारी फिरले. त्यानंतर भाऊबीज नाही, पत्र नाही. पहिली काही वर्षं मी समजावलं. मग मीही दमले.

चैत्रात निघालो. तेव्हाचा रस्ता आजच्यासारखा नव्हता. कात्रजला ट्रकांची रांग, शिरवळपर्यंत धूळ, आणि खंबाटकीच्या अर्ध्या चढावर रेडिएटरने वाफ सोडली. टाकीतलं पाणी तांब्यातांब्याने त्याला पाजलं. एक मात्र फायदा झाला, लाल फुली बघून ट्रकवाले बाजूला व्हायचे. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीवाल्याने काचेतून आत डोकावून विचारलं, “पेशंट हाय का आत?”

“मीच,” मी म्हटलं. त्याने बिचाऱ्याने चहात साखर वाढवून दिली.

साताऱ्यात पोचलो तेव्हा टाकी कोरडी होती. नवख्यांसाठी सांगते, चाकांवरच्या घरात डिझेलपेक्षा पाण्याची काळजी जास्त. डिझेल पंपावर मिळतं. पाण्यासाठी बादली घेऊन लोकांच्या दारात उभं राहावं लागतं, आणि आपल्याकडे बादली भरायच्या आधी चौकशी होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला गाडी लावली होती. जवळच्या एका घरातल्या बाईंनी विचारलं, “पाहुणं कोण तुमचं हितं?”

“कोणी नाही. आम्ही सांगलीला निघालोय.”

“आन् सांगलीकडं?”

मी बादली पुढे सरकवली. त्यांनी बादली काठोकाठ भरून दिली आणि माझ्याकडे अशा मायेने बघितलं की मला रडू यायचंच बाकी होतं. आपल्या मुलखात माणसं असताना गाडीत झोपणाऱ्या बाईचं घरात काहीतरी बिनसलंय, हे सांगायला लागत नाही.

अजिंक्यतारा सकाळी लवकर चढावा. डांबरी सडक वरपर्यंत जाते, पण आमची गाडी चढाला नको म्हणून पायीच गेलो. दरवाजा दणकट आहे, बुरूज शाबूत आहेत, वर वारा भणाणता. तटावरून सगळा सातारा पायाशी दिसतो, राजवाड्याची कौलं, झाडांत दडलेले वाडे, पलीकडे यवतेश्वराचा डोंगर. मी शहराकडे बघत होते. हे मात्र दुसऱ्या बाजूला जाऊन दक्षिणेकडे बघत उभे.

“तिकडे काय आहे?” मी विचारलं.

“रस्ता,” हे म्हणाले.

खाली उतरून संग्रहालयाशी गेलो तर त्याला त्या दिवशी सुट्टी. राजवाड्यासमोर चक्कर मारली, कंदी पेढे घेतले, आणि मी परत गाडीत वाकून पिठलं ढवळायला लागले. घरी निदान ताठ उभं राहून ढवळता येतं. छपराला डोकं आपटलं तेव्हा लक्षात आलं की सहलीला मी आलेच नव्हते, नुसता माझा ओटा आला होता. जेवताना मी हे बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, पिठलं छान झालंय.

पुढे कराड. कृष्णा-कोयनेच्या संगमावर मनसोक्त आंघोळ झाली, त्या प्रवासातलं तेवढं एक सुख. तिथून पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा. दोन्ही बाजूंना ऊस, खड्ड्यांत रस्ता, अंगातला एकेक सांधा वेगळा झालेला. हा रस्ता सांगलीत शिरतो तो सांगलीवाडीतूनच, आयर्विन पुलावरून. आक्कांच्या दारातला कडुनिंब मला लांबून ओळखू आला. ह्यांनी गिअर बदलला आणि मान सरळ ठेवली. अंगणात कुणी होतं का, ते मला दिसलं नाही.

गणपतीचं मंदिर बघितलं. काळ्या दगडाचं, शांत, थंडगार. पुढच्या पेठेत भडंग घेतलं. मग घाटावर गाडी लावली आणि हे मागचं दार उघडं टाकून बाकावर जे आडवे झाले ते हलेचनात. उकाडा मरणाचा. मी शेजारी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होते. देवळाकडून येणारा एक माणूस थबकला, गाडीवरच्या फुलीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि घाईने पुलाकडे गेला. असे थबकणारे खूप भेटले होते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दारावर थाप पडली. उघडलं तर आक्का. अनवाणी, पदर खांद्यावर आलेला, हातात पितळी तांब्या, त्यावर वाटी झाकलेली.

“शालन,” त्या म्हणाल्या, “हाय का गं?”

त्या काय विचारतायत हे कळायला मला वेळ लागला.

“आहेत, आक्का. नदीवर तोंड धुवायला गेलेत.”

त्या दाराच्या पायरीवर खालीच बसल्या. तांब्या मांडीत घट्ट धरलेला. एवढ्यात हे खांद्यावर पंचा टाकून घाट चढून आले आणि जागीच थांबले.

“तुला काय झालंय, बाळू?”

“मला काय व्हायचंय?”

“शेजारचा शंकर देवळातनं सांगत आला, बाळूला ॲम्ब्युलन्समधी घालून आणलाय, बायको वारा घालतीया. म्हटलं, जाताना तरी माझ्या हातचं पाणी त्वांडात पडावं. तसली शपथ घिऊन वर गेलास तर आईला काय सांगशील?”

ह्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. आक्काच पुढे बोलल्या, रडत नव्हत्या, दमल्या होत्या.

“मे म्हैना हुता, बाळू. दुपार कलस्तवर ठिवली तिला. मी सारकी रस्त्याकडं बघत हुते. मग समदी म्हणाली, आता न्हाई ठिवता यायची. म्या काय करायचं हुतं, सांग की.”

ह्यांनी नदीकडे बघितलं. तांब्याकडे हात काही पुढे आला नाही. शब्दाला जागणारा माणूस म्हणून बटालियनमध्ये ह्यांचं नाव होतं. त्या क्षणी मला त्या नावाचा मनापासून वैताग आला.

आक्का उठल्या. वाकून गाडीत शिरल्या, बाक बघितले, स्टोव्ह बघितला, दोरीवरचे आमचे कपडे बघितले.

“हे तुमचं घर व्हय?”

“व्हय,” हे म्हणाले.

“आन् ही टाकी?”

“माझीच. मीच केली.”

आक्का बाकावर चढल्या, टाकीचं झाकण काढलं आणि तांब्या तिच्यात पालथा केला.

“आता हे तुझ्या घरचं पाणी,” त्या खाली उतरत म्हणाल्या. “शालन, च्या ठेव.”

मी स्टोव्ह पेटवला. ह्यांनी चहा घेतला, पुन्हा मागून घेतला. मग स्वतः उठले, तोटी सोडली, पेला भरला आणि उभ्या उभ्या पाणी प्यायले. आक्का पदराला हात पुसत बघत होत्या. मला तेव्हा फार हलकं वाटलं, आणि आपण किती वर्षं थकलो आहोत तेही कळलं.

त्यांना पुलापलीकडे दारात सोडलं. त्या ‘ये’ म्हणाल्या नाहीत, हेही उतरले नाहीत. तेवढं एका दिवसाला पुष्कळ होतं. परतीचा रस्ता तोच, धूळ तीच, खंबाटकी उतरताना ब्रेकचा जळका वास. त्याआधी सातारा लागला तेव्हा मी झोपले होते.

खडकीला सामान काढताना बाकाखाली तांब्या सापडला. आता बाईमाणसाचं भांडं रिकामं परत कसं द्यायचं? ह्यांनी त्यात काय घालावं ह्याचा आठवडाभर विचार केला, शेवटी पेढे भरले आणि एसटीने एकटेच गेले. चांगला मुक्काम करून आले. येताना तांब्या हातात होताच, हळदीने भरलेला, कारण आक्काही रिकामा देणाऱ्यातल्या नव्हत्या. मग पुढे कितीतरी वर्षं तो असाच जात-येत राहिला. गाडी आम्ही लवकरच विकून टाकली, त्याचं मला अजिबात दुःख झालं नाही.

आक्का गेल्या तेव्हा त्यांच्या लेकाने फोनवर एवढंच सांगितलं, “मामा, या. आमी थांबलोय.” आणि खरंच थांबले होते.

तांब्या त्या खेपेला आमच्याकडेच होता. परत करायचा राहिला. हे रोज सकाळी उठल्यावर त्यातलंच पाणी पितात. ते कोणत्या घरचं, हे मी विचारत नाही.