फ्रान्समधलं आमचं घर

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावाहून पुण्याजवळ पुनावळ्याला माझ्या फ्लॅटवर आणलं त्या दिवशी गावच्या आमच्या घराची पुढची भिंत पाडून झाली होती. रस्ता रुंद होणार होता. मी चाकणच्या कंपनीत लागलो तेव्हा एसटीत बसवताना ते म्हणाले होते, "मागं बघू नको, पाय अडकतात." आता तेच गाडीत वळून मागच्या काचेतून बघत बसले. फाटा गेला, साखर कारखाना गेला, तरी मान सरळ केली नाही.

पुढच्या सहा महिन्यांत उरलेलं घर गेलं आणि आप्पांची आठवणही जायला लागली.

आमच्या हॉलमध्ये मुलीनं, सईनं, काढलेलं एक चित्र आहे. कॉलेजात तिला एका जुन्या फ्रेंच चित्रकारानं काढलेल्या शेतघराच्या चित्राची नक्कल करायला दिली होती. "पोस्ट-इम्प्रेशनिस्ट म्हणतात याला, बाबा. दिसतं तसं नाही, वाटतं तसं काढायचं." पिवळं शेत, निळसर भिंती, थापल्यासारखा जाड रंग. माणूस एकही नाही. आप्पा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसायला लागले.

"दत्ता, आपलं घर हाय की हे. चल, जाऊन येऊ."

मी क्वालिटीत आहे. माप चुकलं की माल परत, हे अंगात मुरलेलं. मी समजावलं, आपल्या घरावर मातीचं सपाट माळवद होतं, याचं छप्पर उतरतं आहे. आपलं घर पाच खणांचं, हे तीन खणांचंही भरणार नाही. आणि आपलं पाडलं, आप्पा.

"पाडलं? कुणी? मला कुणी बोललं न्हाई ते!"

ते रडले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तीच खुर्ची, तोच हट्ट, माझं तेच खरं उत्तर. मला ते पाठ झालं होतं, त्यांना दर वेळी पहिल्यांदाच कळायचं. तुम्ही गावात राहिलेले म्हणाल, म्हाताऱ्याला न्यायचंच नव्हतं. माझ्यासारख्या निघालेल्यांना ठाऊक आहे, ठेवायचं कुठं हाच प्रश्न असतो.

शेवटी सई चिडली. "बाबा, घरी कसलं इन्स्पेक्शन करता? तुमचा रिपोर्ट बरोबर येतो आणि आजोबा उपाशी झोपतात."

परवा फर्स्ट शिफ्ट करून आलो. आप्पा चित्रासमोरच होते.

"दत्ता, आपलंच हाय ना रं?"

"हो आप्पा. आपलंच."

त्यांचा चेहरा सैल झाला. "ओसरीवर कुणी दिसंना."

"शेतात गेलेत सगळे." हे मला कसं सुचलं, माहीत नाही. सईनं ताट आणलं. ते चार घास मुकाट जेवले. मग एकदम माझं मनगट धरलं.

"मग आपण बाहीर का बसलोत?"

दार लावलेलं होतं, डोक्यावर पंखा फिरत होता, फ्लॅट माझ्या नावावर आहे.