रेडिओ बंद पडला तेव्हा

गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की तो सुरू व्हायचा, आणि उठून जायची सोय नसल्याने गिऱ्हाईक निमूट ऐकून घ्यायचं.

हा रेडिओ अचानक बंद पडला. हसेना, धड जेवेना, नुसती कात्री चालवी. त्या शांततेने गिऱ्हाइकं इतकी धास्तावली, की एकाने अर्ध्या दाढीतच विचारलं, घरी कुणी गेलं का.

बायकोने त्याला डॉक्टरांकडे नेलं. बाहेर मारुतीच्या शेपटासारखी रांग. डॉक्टरांनी भूक, झोप, बोलणं विचारलं. सगळी उत्तरं बायकोनेच दिली, तो मान डोलवत राहिला. स्टेथोस्कोप गळ्यातच लटकत राहिला आणि नैराश्याच्या गोळ्या हातात आल्या.

गोळ्यांनी त्याला जांभया येऊ लागल्या. वस्तरा धरून जांभई देणाऱ्यापुढे गळा कोण देणार? खुर्ची ओस पडली. मग तो खरंच उदास दिसू लागला, आणि डॉक्टरांनी डोस वाढवला.

तेवढ्यात मेहुणी राहायला आली. ती स्वतः नैराश्यातून गेली होती आणि तसल्याच गोळ्यांनी सावरली होती. त्या दिवसांत पुढ्यात ताट आहे की दगड, तिला फरक पडत नसे. हे महाशय मात्र ताटाकडे आशेने बघत आणि घास घेताच कळवळत.

“भावोजी, आ करा,” ती म्हणाली.

नव्या कवळीखाली हिरडी सोलवटून निघाली होती. बायकोचं न ऐकता त्याने ती कवळी आपल्या एका गिऱ्हाईक दंतवैद्याकडून बसवली होती, वर गल्लीभर तिचे गोडवे गायले होते. आता टोचते म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार?

“निदान डॉक्टरांना तरी सांगायचं,” बायको म्हणाली.

कवळी काढून हातात घेत तो म्हणाला, “तू बोलू दिलंस तर ना.”

दंतवैद्याने कवळी घासून दिली. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत असं मेहुणीने बजावलं होतं, म्हणून डॉक्टरांनी, जरा ओशाळूनच, त्या हळूहळू कमी करत बंद केल्या.

मग तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. दाढीला आलेला एक गृहस्थ ऐकता ऐकता झोपला आणि जागा झाला तो बिनमिशीचा. बोलण्याच्या ओघात गेली, रेडिओने सांगितलं.

तो गृहस्थ घरातून बाहेर पडेना, कुणाशी बोलेना. त्याची बायको त्याला डॉक्टरांकडे नेणार असं कळताच रेडिओ धावतच त्यांच्या घरी गेला.

“वहिनी, थांबा,” तो म्हणाला. “उदास नाहीत ते, फक्त माझ्यावर चिडलेत. वाढेल मिशी.”